वरच्या खोलीतलं अहो-जाहो

१

आधीच सांगून ठेवतो, मी थापाड्या आहे. आमच्या गल्लीत मी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध: वेळेवर न मिळणारे कपडे आणि न मागता मिळणाऱ्या थापा. एका उंच गिऱ्हाइकाची पँट मी इतकी लांब शिवली की तो सकाळी दुकानातून निघाला आणि पँट निघाली संध्याकाळी, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता तो उंच माणूससुद्धा ती खरी मानतो. तेव्हा पुढचं ऐकून तुम्ही ‘चल, काहीतरीच!’ म्हणालात तर मला राग येणार नाही. उलट बरं वाटेल.

आमच्या शिंप्यांच्या धंद्यात एक शब्द आहे. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दडवून ठेवतात. आज त्याची गरज नसते, पण उद्या अंग वाढलं की शिवण उसवायची, आतलं कापड सोडायचं, आणि तोच कपडा पुन्हा बसतो. त्या दडवलेल्या कापडाला माया म्हणतात. ज्याने कोणी हा शब्द शोधला, तो भेटला तर मी त्याला जन्मभर फुकट शिवून देईन. पोरांच्या कपड्याला माया जास्त लागते. आणि माझ्या भाचीच्या फ्रॉकला तर कापडापेक्षा मायाच जास्त असते, असं माझी बहीण म्हणते.

भाचीला आम्ही ठिपका म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती की चादर झटकण्याआधी तिला शोधून बाजूला काढावं लागे. (थाप आहे. पण फार मोठी नाही.)

खाली माझं दुकान, वर बहीण, मेहुणे आणि ठिपका. ठिपका सात वर्षांची झाली तशी तिला वरच्या कोपऱ्यातली खोली मिळाली. मेहुणे मऊ प्लॅस्टिकचे तागे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. छपाई चुकलेले तुकडे तिथे कामगारांना मिळतात. त्यांनी लेकीची खोली त्या तुकड्यांनी अशी सजवली, की आत गेल्यावर माणूस हसतच बाहेर यावा. जमिनीवर ढगांचं जाड आच्छादन, पण त्यातला सूर्य हिरवा. पडद्यावर बदकं, प्रत्येकाला दोन चोची. गादीवर, टेबलावर, कपाटाच्या फळ्यांवर, सगळीकडे तेच मऊ, चकचकीत, बोट दाबलं की खळी पडणारं. खोलीला नव्याकोऱ्या दप्तराचा वास. त्यावर उतारा म्हणून बहिणीने भिंतीला फुलांच्या वासाची डबी लावली. दोन्ही वास दिवसभर एकमेकांशी भांडायचे.

ठिपका त्या जमिनीवर गाल टेकून पडून राहायची.

“मामाऽ, ढग गरम आहेत,” ती म्हणायची. काहीही सांगायचं-मागायचं असलं की ती ‘मामा’चा शेवट असा ओढते, जणू त्यालाही माया ठेवली आहे.

२

“दादा, हिची माया सोड,” बहीण फ्रॉक घेऊन खाली आली.

“अगं, आत्ताच तर शिवलाय! धुऊन आटला असेल.”

“आटला असता तर उंचीलाही आटला असता. उंचीला बरोबर आहे. अंगात दाटतोय.”

“खाते काय ती? तुझा स्वयंपाक? तो खाऊन तर माणूस वाळतो.”

ती हसली नाही. फ्रॉक माझ्या मांडीवर टाकून तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “कपाळावर पुरळ आलंय. आंघोळ करून आली तरी मोठ्या माणसासारखा घामाचा वास येतो. काल पेन्सिल मोडली तर तासभर रडली. आणि वर म्हणते, ‘आई, मला का रडू येतंय ते मलाच कळत नाहीये.’”

मी शिवण उसवली, माया सोडली. पुढचं गणवेशाचं कापड बेतायच्या आत फ्रॉक परत आला. या वेळी आत सोडायला काही उरलं नव्हतं. मी शिवण उलटीसुलटी करून पाहिली. पुढच्या दोन वर्षांसाठी ठेवलेली माया कोणीतरी एका ऋतूत खर्च करून टाकली होती.

ठिपका समोर पाय हलवत बसली होती. मी म्हटलं, “काय बाईसाहेब, रातोरात मोठ्या व्हायचा विचार आहे का?”

“तू पण?” ती म्हणाली.

“मी पण काय?”

“तू पण तसंच बोलतोस. आई वरच्या खोलीत मला अहो म्हणते. ‘अहो, उठा. अहो, मोठ्या झालात ना आता?’ असं.”

“आई?”

“आईच. पण मी वळून बघितलं की नसते.”

३

आता यात घाबरण्यासारखं काय होतं? पोरीला कोणी लाडाने अहो-जाहो केलं तर घर काही कोसळत नाही. घाबरायचं राहिलं बाजूला, आळ आला माझ्यावर. कारण आवाज काढण्यात मी पटाईत. बहिणीचा आवाज तर मी असा काढतो, की मेहुणे दोनदा जेवायला येऊन बसले आहेत.

“दादा, वर जाऊन पोरीला माझ्या आवाजात घाबरवतोस?”

“मी नाही गं!”

“तू ‘मी नाही’ म्हणालास की हमखास तूच असतोस.”

खऱ्याची शपथ घ्यायला तोंड आधी खरं लागतं.

मग तो दुपारचा प्रसंग घडला. मी एका झग्याची दुमड बसवत होतो, माझ्या ओठांत टाचण्यांची रांग. समोर बहीण बटणं लावायला मदत करत होती. तिने दोरा तोडण्यासाठी दातांत धरला होता. ठिपका वर झोपली होती. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली, आणि नंतर जरा जास्तच शांत झालं.

“अहो,” वरून आवाज आला. “उठता ना? सगळे खोळंबलेत.”

माझ्या बहिणीचा आवाज. तोच किंचित चिरकेपणा, तोच शेवटी वर जाणारा हेल. फक्त बहीण माझ्या समोर बसली होती आणि तिच्या दातांत दोरा होता.

तिने सवयीने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग माझ्या तोंडातल्या टाचण्या पाहिल्या. मी तिच्या दातांतला दोरा पाहिला. आम्हा दोघांच्याही तोंडाला कुलूप होतं, आणि वर कोणीतरी बोलत होतं.

जिना आम्ही कसा चढलो ते विचारू नका. खोलीत ठिपका खिडकीपाशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून. केस पुढे घेऊन ती हळूहळू विंचरत होती. मान एका बाजूला कलती, कोपर वर, कुठल्यातरी विचारात गढलेली. सात वर्षांची पोर असे केस विंचरत नाही. ती ओढते, किंचाळते, कंगवा फेकते.

“ठिपके,” बहिणीने हाक मारली.

ती वळली. चेहरा आमच्याच ठिपक्याचा होता, झोपेने सुजलेला. “मला आज खेळायला नाही जायचं,” ती म्हणाली. “त्या सगळ्या लहान आहेत.”

मी भिंतीला कान लावला, नळाचा पाइप ठोकून पाहिला, शेजाऱ्यांचा रेडिओ चालू आहे का विचारून आलो. शेजारी म्हणाले, रेडिओ कधीचा बंद पडलाय. मी म्हटलं, बरं झालं. ते म्हणाले, यात बरं काय झालं? खरंच, काही बरं झालं नव्हतं.

४

मुलांच्या डॉक्टरीणबाई गोल चेहऱ्याच्या आणि हसऱ्या होत्या. त्यांनी ठिपक्याला तपासलं, रक्त घेतलं, डाव्या हाताचा फोटो काढला. मग तो काळा फोटो उजेडावर धरला. त्यात ठिपक्याचा हात होता, पण कातडीशिवाय. मी नजर वळवली.

“हाडांचंही वय असतं,” बाई म्हणाल्या. “ही सात वर्षांची आहे. हाड मात्र दहा वर्षांचं आहे.”

“म्हणजे तीन वर्षं गेली कुठे?” मी विचारलं. डोक्यात शिवणच होती.

“गेली नाहीत, उडी मारली. शरीरात ग्रंथी असतात, त्या रक्तातून निरोप पाठवतात. आता वाढ, आता थांब, आता मोठी हो. ‘मोठी हो’ हा निरोप हिला फार लवकर पोचलाय.”

“पाठवला कोणी?” बहिणीने विचारलं.

“पुष्कळदा तेच कळत नाही. आज ही इतरांपेक्षा उंच दिसेल, पण हाडं लवकर जुळून गेली की उंची तिथेच थांबेल. आणि अंग मोठं झालं तरी मन सातचंच असतं. त्याला फार एकटं वाटतं.” बाई थांबल्या. “घरात नवीन काही केलंत का? फरशी, रंग, प्लॅस्टिक, सुगंध?”

मेहुणे इतका वेळ दाराशी उभे होते. ते खुर्चीवर बसले. बसले म्हणजे, खुर्ची तिथे होती म्हणून वाचले.

“काही रसायनं अशी असतात,” बाई म्हणाल्या, “की ती शरीराच्याच निरोपाची नक्कल करतात. काही खरा निरोप वाटेत अडवतात. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घालतात ती, वास टिकावा म्हणून घालतात ती, काही कीटकनाशकं. श्वासातून, हातातोंडातून, गरम अन्नातून थोडी थोडी आत जातात. थोडीच असतात, पण निरोप तरी कुठे मोठा असतो? चिमूटभरसुद्धा नाही. मोठ्या माणसाला कदाचित फरक पडणार नाही. लहान मुलात, पोटातल्या बाळात पडू शकतो. तिथे अजून सगळं शिवायचं बाकी असतं.” त्यांनी माझ्या गळ्यातल्या टेपकडे पाहून जरासं हसून घेतलं. “हिच्या बाबतीत तेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. कोणालाच सांगता येणार नाही. पण ते घरातून काढा.”

“पण बाई,” मी म्हटलं, “आपल्याच शरीराला कळू नये? आवाज परक्याचा आहे म्हणून?”

“शरीर आवाज ओळखतं,” त्या म्हणाल्या. “दारात कोण उभं आहे ते बघायला जात नाही.”

बहिणीने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली, पण मी हात सोडवला नाही.

इंजेक्शनं होती. त्यांनी निरोप थोपवून धरता येतो, म्हणाल्या, खरी वेळ येईपर्यंत. ठिपक्याने सगळं ऐकून फक्त एकच विचारलं: “इंजेक्शन घेतलं की मी परत लहान होणार?”

“परत नाही गं. पण पुढे पळायची थांबशील.”

“चालेल,” ती म्हणाली. “मला धाप लागलीय.”

घरी येताना मेहुणे मागे मागे चालत होते. मी थांबलो. “काय जावईबापू?”

“मीच आणलं ना घरात. रोज अंगावरच्या कपड्यांना लावूनही आणतो. तिला उचलून घेतो, दादा, दारातच. हातपाय न धुता.”

“तुम्ही ढग आणलेत घरात,” मी म्हटलं. “सूर्य हिरवा निघाला, त्याला तुम्ही काय करणार?”

ते रडत रडत हसले. थापाड्या माणसाचा एवढाच काय तो उपयोग.

५

दुसऱ्या दिवशी आम्ही खोली सोलली. दुसरा शब्दच नाही. पडदा काढला, गादीवरचं, टेबलावरचं, फळ्यांवरचं काढलं. डबीतला फुलांचा वास बाहेर अंगणात नेला, तर तिथली मांजर उठून गेली. ठिपका शाळेत होती. मेहुणे एकेक गुंडाळी खांद्यावरून जिन्याने खाली नेत होते, बहीण आणि मी गुडघ्यांवर बसून ढगांचं आच्छादन कडेने सोडवत होतो.

मऊ होतं ते, हे मी सांगितलंच. पलंगाचे पाय होते तिथे चार खड्डे पडले होते. ठिपका धावायची तिथे तिच्या टाचांच्या पुसट खळ्या, जिकडेतिकडे, एकीला दुसरीचा धरबंध नाही. आणि पलंगाच्या उशाशी, खिडकीच्या बाजूला, दोन पावलं होती.

ती पुसट नव्हती. खोल होती. कोणीतरी एकाच जागी, न हलता, फार वेळ उभं राहिलं तर उमटावीत तशी. बोटं पलंगाकडे.

“तुझी असतील,” मी म्हटलं.

बहिणीने आपलं पाऊल त्यात ठेवून पाहिलं. तिचं पाऊल रुंद, ते मावलं नाही. माझं तर विचारूच नका, आणि मेहुण्यांचं म्हणजे होडी. पावलं बाईमाणसाची होती, सडपातळ. आमच्या घरात त्या मापाचं कोणीच नव्हतं.

मी खाली वाकलो. डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

तशी करंगळी मी एकाच पायाला पाहिली आहे. तो पाय जन्मला त्या दिवशी, एवढासा, माझ्या तळहातावर ठेवून पाहिला आहे. तेव्हा मी म्हणालो होतो, पोरगी आत्ताच एकावर एक मजला चढवतेय.

“तुला काही दिसलं का, दादा?” बहिणीचा आवाज अगदी बारीक होता.

“नाही. तुला?”

“मलाही नाही.”

आम्ही दोघांनी मिळून ते आच्छादन घट्ट गुंडाळलं आणि दोरीने बांधलं. मी दोरीला चार गाठी मारल्या. बहिणीने पाचवी मारली.

६

उघडी फरशी, उघडी भिंत, उघडी खिडकी. खोली आता इतकी रिकामी होती की नुसतं खाकरलं तरी कोणीतरी उत्तर द्यावं. दुपारी मी एकटाच वर गेलो आणि पलंगाच्या कडेवर बसलो. स्वतःला सांगितलं, पडद्याचं माप घ्यायला आलोय. सुती कापडाचा साधा पडदा, खिडकीचं माप नको का घ्यायला? टेप गळ्यातच राहिली.

बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, गेलं. गुंडाळीबरोबर गेलं. माणसाची अक्कल अशा वेळी फार गोड बोलते.

“अहो,” उशापाशी आवाज आला. हळू, जणू झोपलेल्याला दचकवायचं नव्हतं.

मी पलंगाची कड घट्ट धरली. तरी मी बोललो. गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

“तिला अहो म्हणू नकोस,” मी म्हटलं. “ती लहान आहे.”

उशाकडे बघायचं मी टाळलं.

“आणि तू कोण आहेस ते मला कळलंय. पाऊल पाहिलं मी. तूही आमचीच आहेस, म्हणून भांडत नाही. तुझे कपडे पण मीच शिवणार आहे, वेळेवर देणार नाही, पण शिवणार. फक्त अजून नाही गं. तिला अजून झाडावर चढायचंय. तिचे दात पडायचेत. अजून नाही.”

मी थांबलो. बाहेर कोणीतरी कपडे झटकत होतं, फट्, फट्.

मग अगदी माझ्या कानाशी कोणीतरी श्वास घेतला.

“मामाऽ,” ती म्हणाली.

तो बहिणीचा आवाज नव्हता. कधीच नव्हता. मुली मोठ्या झाल्या की त्यांचे आवाज आईसारखे होतात, एवढंच. पण ‘मामा’ची ती ओढ मी कुठेही ओळखली असती.

“मामाऽ, मला बोलावलं, म्हणून मी आले. आता मी कुठे थांबू?”

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. लग्नाला चुकून आदल्या दिवशी पोचलेल्या माणसासारखी ती अवघडली होती.

मी वळून पाहिलं. एक वेणी, लांब, जाड, दाराच्या चौकटीआड वळताना तिचं टोक तेवढं दिसलं. त्याला रिबीन नव्हती. तिला रिबीन कोण बांधणार होतं?

“इथे नको थांबूस,” मी रिकाम्या दाराला म्हटलं. “खाली चल. दुकानात.”

माझ्यामागे जिना वाजला नाही. पण मी प्रत्येक पायरीवर थोडा थांबत, वाट देत उतरलो.

७

इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, हाडांनी दम धरलाय. पुरळ गेलं, रडणं राहिलं, पण ते आता पोरांसारखं, कारण असलेलं. मेहुणे कारखान्याच्या फाटकातच कपडे बदलून येतात, हातपाय धुतात आणि मग लेकीला उचलतात. वरच्या खोलीत कोणी हाक मारत नाही. माझ्या बहिणीने एकदा मला विचारलं, “दादा, ते गेलं ना?” मी म्हटलं, “गेलं.” तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पण माझ्या थापा कुठे संपतात आणि कुठे सुरू होतात ते शोधायचं तिने लहानपणीच सोडून दिलंय.

दुकानात माझ्या मशीनच्या डाव्या हाताला एक लाकडी स्टूल आहे. गिऱ्हाईक त्यावर टेकायला लागलं की मी म्हणतो, “अहो, तिथे नको, पाय मोडकाय.” कोणी म्हणतं, चांगला धड तर आहे! मी म्हणतो, तुम्हाला दिसतोय तसा नाहीये तो. लोक हसतात. शिंपी गमत्या आहे म्हणतात. दुपारी दुकान रिकामं असलं की मी उगाच काहीबाही सांगत बसतो, उंच माणसाच्या पँटची गोष्ट वगैरे. कोणी हसत नाही. पण ऐकलं जातं. थापा मारणाऱ्याला ते बरोबर कळतं.

परवा ठिपका शाळेतून धावत आली. दप्तर फेकलं, गुडघा फोडून आणला होता तो मोठ्या अभिमानाने दाखवला, समोरचा दात पडलाय ती जागा जीभ घालून दाखवली, आणि मी ओरडायच्या आत त्या स्टुलावर जाऊन बसली.

बसली म्हणजे अगदी कडेला. अर्ध्यापेक्षाही कमी जागेत, एक पाय खाली टेकवून, अवघडून.

माझी मशीन थांबली होती. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, “नीट बस की. सरक आत. पडशील.”

“मी नाही पडणार,” ठिपका म्हणाली, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून तिने आवाज खाली आणला. “पण मामाऽ, मी सरकले तर ती पडेल.”